निफाडचा घ्यावा की शेजाऱ्याचा?

जुना मिनी ट्रॅक्टर घेण्याबद्दल पुरंदर तालुक्यातून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय. चार पानी, शुद्धलेखनाची एक चूक नाही. जागेअभावी आटोपशीर करून देतो.

"स. न. वि. वि. गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झालो. वाटणीत साडेतीन एकर आली आहे. दोन एकर सीताफळ (दोन ओळींत १२ फूट), वीस गुंठे अंजीर (१५ बाय १५), उरलेल्या एकरात वाटाणा आणि बाजरी. एक पट्टी उताराची आहे. बैल नाहीत. भाड्याचा ट्रॅक्टर रोटाव्हेटरचे एकरी १,५०० रुपये घेतो आणि बोलावल्यावर आठ दिवसांनी येतो. दोन जुने मिनी ट्रॅक्टर पाहण्यात आहेत. पहिला निफाड भागातला, २०१५ चा, साडेअठरा एचपी, तीन सिलिंडर, फोर व्हील ड्राइव्ह, मीटरवर १,१५० तास. आठ एकर द्राक्षबागेत फक्त फवारणीला वापरला असे एजंट सांगतो. रोटाव्हेटरसकट २ लाख ६० हजार. दुसरा शेजारच्या वस्तीवरचा, २०१९ चा, १५ एचपी, एक सिलिंडर, टू व्हील, २,३०० तास, २ लाख १० हजार, अवजार नाही. मुलाचे म्हणणे, फोर व्हीलच घ्या, तासही निम्मे आहेत. एजंटला शनिवारपर्यंत २० हजार इसार हवा आहे. आरसीवर फायनान्सचा बोजा दिसतो, तो 'नुसता कागदावर राहिलाय' असे तो म्हणतो. मला ट्रॅक्टर चालवता येत नाही, या वयात शिकावा का? मार्गदर्शन करावे."

गुरुजी, नमस्कार.

शनिवारी इसार देऊ नका. आज एवढं एक वाक्य वाचलंत तरी पुरे, बाकीचं सावकाश वाचा.

मी निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या बाजूचा. वीसेक वर्षं ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये गेली, आता घरची द्राक्षं बघतो. म्हणजे तुमच्या त्या पहिल्या ट्रॅक्टरचे भाऊबंद रोज माझ्या बांधावरून जातात. त्याच्याकडे येतोच, पण आधी एक हिशोब मांडू. तो तुम्ही पत्रात मांडलेला नाही, आणि एजंट तर मांडणारच नाही.

साडेतीन एकराला रोटाव्हेटरची (फिरत्या पात्यांनी माती मोकळी करणाऱ्या अवजाराची) एक पाळी म्हणजे तुमच्या दराने ५,२५० रुपये. वर्षाला पाच पाळ्या धरल्या तर २६,२५०. आता घरचा ट्रॅक्टर. तीन फुटी रोटाव्हेटरने एकराला अडीच तास जातात. साडेतीन एकर, पाच पाळ्या, म्हणजे ४४ तास. तासाला दोन लिटर आणि लिटरला नव्वद रुपये धरले की डिझेलचे आठ हजार झाले. दोन लाख दहा हजार बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर १४,७०० व्याज आलं असतं. विमा, ऑइल, फिल्टर, एखादी बॅटरी, एखादं पंक्चर यांचे बारा-तेरा हजार. झाले पस्तीस हजार. यात तुमची मजुरी धरलेली नाही.

म्हणजे पैसे वाचावेत म्हणून घ्यायचा असेल तर घेऊच नका. भाड्याचाच स्वस्त पडतो.

तरीही मी "घ्या" म्हणणार आहे, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे: बोलावल्यावर तो आठ दिवसांनी येतो. वाटाण्याच्या रानाला वाफसा (पेरणीजोगी ओल) आला की तो दोन दिवस टिकतो, फार तर तीन. हलक्या मुरमाड रानात तर सकाळी आलेला वाफसा दुसऱ्या दिवशी दुपारी निघून जातो. त्यानंतर रोटाव्हेटर घातला की ढेकळं उठतात आणि धुरळा उडतो, बी मात्र नीट पडत नाही. ट्रॅक्टर दारात असण्याची किंमत आहे ती या दोन दिवसांची. हे एकदा पक्कं झालं की कुठला ट्रॅक्टर घ्यायचा याचं मापही ठरतं. वाफशाच्या सकाळी जो चालू होईल तो. आणि नाही झाला, तर ज्याचा मेकॅनिक दुपारपर्यंत बांधावर येईल आणि ज्याचा सुटा भाग सासवडच्या दुकानात मिळेल तो. हे सोडून फोर व्हील, तीन सिलिंडर, कमी तास हे सगळं नंतर.

आता निफाडचा.

"फक्त फवारणीला वापरला" हे वाक्य ऐकलं की आमच्याकडची माणसं हसतात. पुण्याकडच्या गिऱ्हाइकाला वाटतं, फवारणी म्हणजे हलकं काम, औषध मारायचं आणि घरी यायचं. द्राक्षबागेतली फवारणी ब्लोअरने होते. ब्लोअरचा पंखा पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या दांड्यावर चालतो, आणि पीटीओला मिनिटाला ५४० फेरे द्यायचे म्हणजे इंजिन सबंध वेळ चढ्या आवाजात ठेवावं लागतं. मागे चार-पाचशे लिटरची टाकी. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी या बुरशी रोगाच्या धास्तीनं माणूस चिखल बघत नाही, पहाटे तीनला बागेत उतरतो. ओळ संपली की वळण, वळणावर क्लच, परत ओळ. वर गंधक, तांबं आणि कसल्या कसल्या औषधांचं धुकं सगळ्या पत्र्यावर, वायरिंगवर आणि रेडिएटरच्या जाळीत बसतं. बागेतला दहा वर्षांचा ट्रॅक्टर मडगार्डच्या आतून एकदा बघा, पापडासारखा होतो.

तासांचाही हिशोब करून बघू. आठ एकर बाग. एकराला ब्लोअरने वीस-पंचवीस मिनिटं, टाकी भरायचा वेळ वेगळा. एका फवारणीला चार तास धरा. वर्षाकाठी चाळीस फवारण्या आमच्याकडे सहज होतात. चार गुणिले चाळीस, १६० तास एका वर्षाचे. दहा वर्षांचे १,६००. हे नुसत्या फवारणीचे. मीटर म्हणतं १,१५०.

आणि गुरुजी, एक गंमत तुमच्या नजरेतून सुटली. फक्त फवारणी केली, तर मग सोबत देतोय तो रोटाव्हेटर कुणाचा? त्याची पाती बघायला मागा. झिजून अर्धी झाली असतील तर त्या ट्रॅक्टरनं काय काय केलं ते पातीच सांगतील.

मीटरवर मी कधीच भांडत नाही. जुन्या पद्धतीचं मीटर केबलवर चालतं आणि इंजिनाच्या फेऱ्यांनुसार पळतं, म्हणजे मंद चालवलेल्या इंजिनाचा एक तास मीटरवर पुरा एक तास भरतच नाही. शिवाय ती केबल काढायला दहा मिनिटं लागतात आणि कित्येकांची ती तुटल्यावर वर्षभर तशीच असते. मी बघतो ते हातपाय लागतात त्या जागा. क्लच पॅडलचं रबर गुळगुळीत होऊन लोखंड चमकत असेल, किंवा जुन्या ट्रॅक्टरला त्याच जागी कोरं करकरीत रबर बसवलेलं असेल, तर हजार तासांची गोष्ट विसरा. ट्रॉली जोडायच्या हुकाचं भोक गोल आहे की ओढून ओढून अंड्यासारखं झालंय? पीटीओ शाफ्टचे दात चौकोनी आहेत की टोकदार? अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या खालच्या दोन्ही हातांची टोकं हाताने हलवून बघा, खुळखुळा झालाय का. मग टायर. बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२१८ म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. ट्रॅक्टर २०१५ चा, मागचे टायर त्यानंतरचे आणि तेही झिजलेले, तर मीटरवर १,१५० कुठून आले हे एजंटला शांतपणे विचारा. रागावून नव्हे. तुम्ही वर्गात विचारत असाल तसं.

रंगाबद्दल एक. नवा रंग दिलेला जुना ट्रॅक्टर मी घेत नाही, आणि हे शहाणपण मी पैसे मोजून घेतलंय. वर्कशॉपमध्ये फोरमन असताना, म्हणजे अगदी काय ते आपल्यालाच कळतं या तोऱ्यात असताना, वडिलांसाठी एका व्यापाऱ्याकडून जुना ट्रॅक्टर घेतला. इंजिन ऐकलं, धूर बघितला, पळवून बघितला. रंग असा की आरसा. त्याच्या आवारात जोडायला अवजार नव्हतं म्हणून लिफ्ट तेवढी बघितली नाही. घरी आणून कल्टिव्हेटर लावला, उचलला, आणि बांधाला वळेपर्यंत तो आपोआप जमिनीला टेकला. हायड्रॉलिकचं सगळं काम करावं लागलं. वडील काही बोलले नाहीत. फक्त पुढे कितीतरी दिवस कुणी पाहुणा आला की त्याला म्हणायचे, "आमचे चिरंजीव ट्रॅक्टरच्या कंपनीत आहेत."

म्हणून अवजार जोडल्याशिवाय सौदा नाही.

आता शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरकडे वळू. तो तुम्ही आतापर्यंत बघितलाय तो रस्त्यावरून जाताना. आता नीट बघायचा. आदल्या रात्री त्याला फोन करा, "उद्या सकाळी सातला येतो, मी येईपर्यंत चालू करू नका." सातला गेल्यावर पहिलं काम, बोनेटवर आणि सायलेन्सरवर हात ठेवायचा. गरम लागला तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंडीतल्या सकाळी चालू व्हायला कुरकुरणारं इंजिन तास-अर्धा तास आधी फिरवून ठेवलं की एका सेल्फमध्ये पेटतं, आणि तुम्हाला वाटतं काय झकास ट्रॅक्टर आहे.

थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग नको. ऑइलची पट्टी ओढून बघा, ऑइल काळं असलं तर असू दे, पण दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये उतरतंय, तिथूनच राम राम घाला. मग चालू करायला सांगा. सुरुवातीला एकदा पांढरा-काळा भपका निघतो, ते चालतं. पाच-दहा मिनिटांनी इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा. तिथून रेल्वेच्या इंजिनासारखे धुराचे झटके बाहेर पडत असतील तर रिंगा आणि स्लीव्ह संपलेत, इंजिन बांधायला, म्हणजे खोलून नव्याने दुरुस्त करायला आलंय. एक सिलिंडरच्या इंजिनात थोडा झटका असतोच, म्हणून सोबत मेकॅनिक हवा. एक सिलिंडरचं इंजिन रोज ऐकणारा हवा, मोठ्या ट्रॅक्टरवाला नको. त्याला त्या सकाळचे पाचशे रुपये द्या आणि तो ट्रॅक्टर विकणाऱ्याच्या ओळखीचा नाही ना, एवढं बघा.

क्लच बघायला सोपी युक्ती आहे. ब्रेक पक्का दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन दबून बंद पडलं पाहिजे. ते आरामात फिरत राहिलं आणि ट्रॅक्टर जागेवरच, तर क्लच प्लेट घसरतेय. दोन्ही मागच्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे दाबून वळवून बघा. उतारावर गिअर आपोआप बाहेर पडतो का, हे तुमच्या उताराच्या पट्टीसाठी फार महत्त्वाचं आहे, तिथंच नेऊन बघा. पुढचं चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी हलवलं की बूश झिजलेत का ते कळतं.

आणि लिफ्ट. कुणाचा तरी रोटाव्हेटर आणा, जोडा, पूर्ण उचला, इंजिन बंद करा. पात्यांपासून जमीन किती वीत आहे ते मोजून ठेवा. आता शेजाऱ्याच्या ओसरीवर चहा घ्या. अर्ध्या तासाने दोन-तीन बोटं उतरला असेल तर ठीक. चहा संपायच्या आत टेकला तर माझ्या वडिलांची आठवण काढा.

तुमचा मुलगा फोर व्हील म्हणतो. त्याचं चूक नाही. काळ्या चिकट रानात, भाताच्या चिखलात किंवा चढाला भरलेली ट्रॉली ओढायची असेल तर मीही तेच सांगितलं असतं. तुमच्याकडे मुख्य काम काय? बारा आणि पंधरा फुटांच्या ओळींतून रोटाव्हेटर, एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाने औषध, पाच-सहा क्विंटल सीताफळ किंवा शेणखत वाहणं. १५ एचपीला हे झेपतं, तीन फुटी रोटाव्हेटर चार इंच खोल घालायचा, सहा इंचांचा हट्ट नको. नांगरटीला मात्र लावू नका. दोन-तीन वर्षांतून एकदा त्या एकरभर रानाला मोठा ट्रॅक्टर भाड्याने बोलवा आणि मिनीला सावलीत उभा करा. जुन्या फोर व्हीलला आणखी एक भानगड असते: पुढचे आणि मागचे टायर ठरलेल्या मापाच्याच जोडीत लागतात. मधल्या मालकाने पुढे मिळेल ते टायर घातले असतील तर पुढचा ड्राइव्ह आतल्या आत ओढाताण करत झिजतो, आणि ते काम मिनी ट्रॅक्टरला परवडत नाही.

एक सिलिंडरचा तोटाही सांगायला हवा. हादरे फार. तासाभराने हाताला मुंग्या येतात, नटबोल्ट ढिले होतात, दर आठवड्याला पाना फिरवावा लागतो. तीन सिलिंडरचं इंजिन गुळगुळीत चालतं, बसणाऱ्याला सुख. पण इंजिन बांधायची वेळ आली की एक पिस्टन आणि एक स्लीव्ह कुठे, आणि तीन-तीन कुठे. शिवाय या गटात महिंद्राचा युवराज किंवा स्वराजचा ७१७ असे एक सिलिंडरवाले तालुक्यातल्या बहुतेक मेकॅनिकांच्या हाताखालून गेलेले असतात. तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही. ते काहीही असो, सौद्याआधी सासवडच्या दोन दुकानांत जाऊन ऑइल फिल्टर, क्लच प्लेट आणि पाण्याचा पंप मागून बघा. "मागवावं लागेल" असं दोन्हीकडे ऐकलंत तर वाफशाचा मुद्दा आठवा.

अंजिराच्या खाली आलेल्या फांद्यांत उभा सायलेन्सर अडतो, हे बघितलंत का? तो खाली वळवून घेता येतो, फार खर्च नाही. पॉवर टिलरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही तरी कुणीतरी सुचवेलच. त्याच्यामागे साडेतीन एकर चालणं साठीच्या घरात मी तरी सांगणार नाही.

भावाचं बोलू. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी चार लाख किमतीच्या ट्रॅक्टरला म्हणजे २८ हजारांचा फरक पडला. जुना माल विकणारे मात्र अजून जुन्याच आकड्यांची वजाबाकी करून भाव सांगतात. तेव्हा आधी नव्या १५ एचपीचं कोटेशन घ्या, फुकट मिळतं, आणि ते खिशात ठेवून शेजाऱ्याकडे जा. २,३०० तासांचा ट्रॅक्टर नव्याच्या निम्म्याच्या आसपास आला तर मी घेईन. तुमच्या शेजाऱ्याचा आकडा मला जरा चढा वाटतो. बॅटरी, टायर, मेकॅनिकने काढलेली कामं यांची चिठ्ठी करा आणि ती रक्कम कमी करायला सांगा. शेजारी आहे म्हणून भीड धरू नका. तुम्ही आज गप्प बसलात तर उद्या प्रत्येक बिघाडाला मनातल्या मनात त्यालाच बोल लावाल, आणि बांध तर दोघांचा एकच आहे. शिवाय पंचवीसेक हजार वेगळे ठेवा. घरी आणल्या आणल्या सगळी ऑइलं, सगळे फिल्टर, पंख्याचा पट्टा बदलायचा, आधीच्याने काल बदलले म्हणाला तरी.

त्याच्या २,३०० तासांची भीती बाळगू नका. सहा-सात वर्षांत एवढे तास म्हणजे वर्षाला साडेतीनशेच्या आसपास, कामाचा ट्रॅक्टर असाच असतो. आणि ते तास कुठे गेले हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. कुठल्या रानात चालला, कोण चालवत होतं, पावसात झाकून ठेवत होता की लिंबाखाली उभा असायचा, हे वस्तीवरची पोरंही सांगतील. निफाडच्या ट्रॅक्टरबद्दल तुम्हाला माहिती देणारा एकच माणूस आहे, आणि त्याचं कमिशन त्या माहितीवर अवलंबून आहे.

कागदांत सवलत नाही, शेजारी असो की एजंट. आरसीवर बोजा आहे म्हणजे तो ट्रॅक्टर अजून कर्जाला बांधलेला आहे. "नुसता कागदावर" म्हणजे काय, बोजा कागदावरच असतो! बँकेची किंवा फायनान्स कंपनीची एनओसी आणि त्यांच्या सही-शिक्क्याचा, बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा नंबरही एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकून बघा, बोजा, विमा, नोंदणीची मुदत सगळं दिसतं. इंजिन आणि चॅसिसवर ठोकलेले नंबर आरसीशी ताडून बघा, त्यासाठी खरवडून ग्रीस काढावं लागेल. तो अनुदानावर घेतला होता का तेही विचारा, अशा ट्रॅक्टरच्या विक्रीला अटी असतात. ट्रॉली घेतलीत तर तिची नोंदणी वेगळी असते.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करायला अर्ज द्यायचा. खेड्यात स्टँपपेपरवर सह्या होतात, पेढे वाटले जातात आणि आरसी तीन-तीन मालक मागेच राहते. शेजारी टाळाटाळ करू लागला तर त्याला सांगा की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल देऊन सांगितलंय. ट्रॅक्टर तुमच्या दारात आणि जबाबदारी त्याच्या माथ्यावर, हे कळलं की तो स्वतःच तुम्हाला आरटीओत घेऊन जाईल.

राहिला शेवटचा प्रश्न. शिका की. कारचं, म्हणजे एलएमव्हीचं लायसन्स असेल तर तेच ट्रॅक्टरला चालतं. पहिले आठ दिवस अवजार न जोडता मोकळ्या एकरात फिरवा, दोन्ही ब्रेकची पॅडल जोडून ठेवून. मिनी ट्रॅक्टर अरुंद असतो, म्हणून ओळींत शिरतो आणि म्हणूनच कलंडतोही. बांधाच्या कडेला चाक नेऊ नका आणि उताराच्या पट्टीत आडवा चालवू नका, वरून खाली, खालून वर, एवढंच. रोटाव्हेटरमध्ये गवत गुंतलं की आधी इंजिन बंद, मग खाली उतरायचं. धोतर, उपरणं, मफलर घरी.

नातू असेल तर तो पहिल्याच दिवशी मडगार्डवर बसायला मागेल आणि तुम्हालाही ते फार गोड वाटेल. त्याला बांधावर उभं करून हात हलवायला सांगा.